पाच विसा गोळ्या

अंगदला बायकोच्या सावलीचाही हेवा वाटतो, असं वाडीतल्या बाया म्हणायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. हसण्यासारखंच होतं ते. सावली सत्यशीलेबरोबर बारा महिने घरात राहायची, आणि हा नवरा असून दिवाळी झाली की मेंढरं हाकत निघायचा तो आषाढाच्या तोंडाला परत. घरचं कुत्रं त्याच्याकडं बघून गुरगुरायचं नि सत्यशीला दिसली की शेपूट हलवायचं, तर हा बाबा कुत्र्यावरही जळायचा. "ह्याला कुणी एवढं लाडावून ठेवलं?" म्हणून एकदा त्यानं ढेकूळ भिरकावलं होतं. आता सांगा, त्या मुक्या जनावरानं काय केलं होतं?

तसा माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात टाकणं नाही. जवळा बाजारापासून दोन कोसांवर, डोंगराच्या कडेला त्यांची धनगरांची वाडी. दिवाळीनंतर वाडीवरचा चारा संपला की अंगद मेंढरं घेऊन हट्ट्याकडच्या पाण्याच्या रानात उतरायचा. कापूस निघालेल्या, हळद काढलेल्या वावरात मेंढरं बसवायची, खत वावराला आणि पाला मेंढरांना. दिवस मावळला की जाळीच्या कुंपणात घालताना एकेका मेंढराच्या पाठीला हात लावून तो मोजायचा. बापासारखंच विसानं, म्हणजे वीस-वीसच्या हिशेबानं मोजायचा: एक विसा, दोन विसा, सहा विसा आणि वर तीन. एक कमी भरलं तर घास गिळत नसे. मोजायची खोड अशी जडली होती की एस.टी.त बसला तरी पुढच्या सीटवरची डोकी मोजायचा.

दुसरी खोड याहून वाईट. तो घरी कधी सांगून यायचा नाही. खिशात मोबाइल होता, दिवसातून दोनदा फोन लावायचा. "कुठं हायीस? कोण आलं व्हतं? मागून कुणाचा आवाज येऊन राहिला?" सगळं विचारायचा, पण मी अमक्या दिवशी येतो हे मात्र तोंडातून निघायचं नाही. मेंढरं जोडीदार संतरामच्या हवाली करायची आणि कधी पहाटेच्या गाडीनं, कधी भर दुपारी, दारात उभं राहायचं.

"सांगून गेलो तर चोर सावध व्हतो," असं तो संतरामला सांगायचा.

पंधरा वर्षांत एक चोर सापडला नव्हता. सापडायची ती सकाळची गार भाकर आणि तळाला लागलेलं कालवण, कारण अवचित आलेल्या माणसाच्या ताटात दुसरं काय पडणार? त्याचाही त्याला राग. लोकांच्या बायका नवऱ्याला तव्यावरची वाढतात, माझ्याच नशिबी शिळं, असं मनाशी कुढत तो ते गिळायचा. अरे बाबा, तू येणार हे तव्याला कसं कळावं?

त्या साली डिसेंबरातल्या एका दुपारी तो असाच उगवला. अंगणात बाजेवर सत्यशीला बसलेली. पदर खांद्यावर सारलेला, उघड्या दंडाला एक काळा पट्टा गुंडाळलेला, आणि पट्ट्याची नळी एका तरण्याताठ्या बाप्याच्या हातात. तो उपकेंद्रातला आरोग्यसेवक प्रमोद होता. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी तपासत घरोघर फिरत होता. अंगदची माय सुभद्राबाई शेजारीच बसली होती, आपला नंबर कधी येतो म्हणून दंड मोकळा करून. पण अंगदला माय दिसलीच नाही. त्याला पट्टा दिसला.

"बरं झालं भेटलात, अंगदभाऊ," प्रमोद म्हणाला. "वहिनींचं बीपी वर सरकायलंय. एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. दर महिन्याला बघावंच लागंल. उपकेंद्रात पाठवा, न्हाईतर मी येतो."

शब्द कानात शिरले, अर्थ भलतीकडंच गेला. माझ्या बायकोच्या अंगातल्या रक्ताचा आकडा ह्याला ठावं, अन् मला न्हाई! पंधरा वर्षं संसार मी केला आणि आकडा ह्याच्या वहीत! तळपायाची आग मस्तकात गेली. प्रमोदची मोटारसायकल वळणाआड होईस्तोवर त्यानं दम धरला.

"पुन्ना त्या पट्टेवाल्यापुढं दंड काढून बसलीस तर बघ. उपकेंद्राची पायरी चढायची न्हाई."

"अवो, डॉक्टरकीचं काम हाय ते. उपकेंद्रातल्या ज्योती सिस्टरनं सांगितलंय की..."

"सिस्टरनं सांगितलं अन् बाप्या आला व्हय? लई बराबर!" मग मायकडं वळून म्हणाला, "तो आला तर दारातूनच वाटंला लाव त्याला."

"लेका, तुझ्या डोस्क्यात किडा वळवळायलाय," सुभद्राबाई म्हणाली. पण लेकाचा शब्द तिनं पाळला. प्रमोद जानेवारीत आला, फेब्रुवारीत आला, दोन्ही खेपेला दारातून परत गेला.

फेब्रुवारीतच अंगद लोकर कातरायची कातर न्यायला म्हणून घरी आला. सत्यशीला पाण्याला गेली होती. कातर कुठं सापडेना म्हणून त्यानं तिची पत्र्याची पेटी उघडली. तळाला, लग्नातल्या चोळीत गुंडाळून ठेवलेली गोळ्यांची पाकिटं हाताला लागली. तीन साफ रिकामी, चौथं अर्ध्याहून जास्त खाल्लेलं. आता मोजल्याशिवाय राहील तो अंगद कसला? एकेका भोकावर अंगठा ठेवत मोजत गेला. तीन पाकिटं अठ्ठावीस-अठ्ठावीसची, चौथ्यातल्या सोळा. पाच विसा. शंभर गोळ्या.

एक रिकामं पाकीट खिशात घालून तो जवळा बाजारला गुलाबचंदच्या औषधाच्या दुकानात गेला. गुलाबचंदनं चष्मा वर करून पाहिलं. "सरकारी हाईत. लेकरू न व्हायच्या गोळ्या. ह्या कशा घ्यायच्या, तर..."

पुढचं ऐकायला अंगद तिथं होता कुठं? देह काउंटरपाशी उभा होता, मन केव्हाच वाडीवर पोहोचलं होतं. हिशेब त्याच्यापुरता सरळ होता. दिवाळीपासून आपण घरी राहिलो सहा दिवस. सहा दिवसांच्या सहा गोळ्या. मग उरलेल्या चार विसा आणि चौदा कुणासाठी?

इथं शहाण्या माणसानं बायकोला विचारलं असतं. येडा असता तरी विचारलं असतं. पण मत्सरी माणूस विचारत नसतो, त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. अंगदला ठाऊक होतं की उत्तराच्या हातात दंडाला बांधायचा एक काळा पट्टा असतो आणि ते मोटारसायकलवरून फिरतं. त्यानं पेटी होती तशी लावली, रिकामं पाकीट छातीशी आतल्या खिशात ठेवलं, आणि ठरवलं की आता रंगेहात धरायचं.

मार्चात तो चार वेळा आला. संतराम वैतागला. "मेंढरं मी राखतो अन् तू काय राखून राहिला?" म्हणाला. अंगद वाडीबाहेरच्या माळावर कडुलिंबाच्या झाडाखाली बसून भर उन्हात आपल्याच घरावर नजर ठेवायचा. काय दिसायचं? माय दाणे पाखडताना. पोरी आणि पोरगं शाळेतून येताना. सत्यशीला हंडा आणताना. एकदा ती रिकामा हंडा घेऊन निघाली आणि हौदाच्या कठड्यावर मटकन बसली. दोन्ही हातांत डोकं धरून कितीतरी वेळ तशीच. कुणाची आठवण काढून राहिली ही? तिच्या बंद डोळ्यांमागं कोण आहे तेवढं दिसलं असतं तर बरं, असं त्याला झालं.

घरात गेला तर डोक्याला फडकं करकचून बांधून ती चुलीपुढं बसली होती.

"अवो, महिना झाला, डोकं लई ठणकायलंय. डोळ्यांपुढं काजवे येतात. उपकेंद्रात जाऊन येऊ का? मायला संगं नेते."

"काहून? पट्टेवाल्याची लईच आठवण येऊन राहिली?"

तिनं फडकं आणखी घट्ट बांधलं आणि सकाळची भाकर त्याच्यापुढं ठेवली. त्या भाकरीवरसुद्धा त्यानं मनात तोंड वाकडं केलं. बायकोचं डोकं फुटायची वेळ आली होती आणि ह्याचं लक्ष ताटाकडं.

एप्रिलात बाजाराच्या दिवशी त्यानं फोन केला, "मी हट्ट्यात हाय, लांब हाय," आणि प्रत्यक्षात उभा होता जवळा बाजारात, गुळाच्या दुकानाआड. सत्यशीला आणि सुभद्राबाई बांगडीवाल्यापुढं बसल्या होत्या. म्हातारा कासार तिचा हात हातात धरून हिरवा चुडा चढवत होता. पंचाहत्तरीचा म्हातारा, तोंडात एक दात नाही. पण अंगदला त्याचाही हेवा वाटला. कसा दाबून धरलाय हात! तो ताडताड पावलं टाकत निघाला. दहा पावलांवर आला असेल तोच सत्यशीला म्हणाली, "माय, मला दिसंना झालंय," आणि बांगड्यांच्या पसाऱ्यात आडवी झाली.

कुणाची तरी जीप मिळाली. हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. ती मध्येच ओकली, मध्येच काहीतरी पुटपुटली. कुणाचं नाव घेते का म्हणून त्यानं कान तिच्या तोंडाशी नेला. बघा, माणूस कुठल्या थराला जातो! ती पाणी मागत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला, हवा भरली, आकडा पाहिला आणि पुन्हा एकदा भरली. वरचं एकशे नव्वद, खालचं एकशे वीस.

"बाईंना कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"कसल्या गोळ्या, बाई? डोकं दुखलं तरी एक गोळी खाल्ली न्हाई लेकरानं," सुभद्राबाई म्हणाली.

पाकीट अंगदच्या छातीशी टोचत होतं. दोन महिने त्यानं ते वागवलं होतं, योग्य वेळी बायकोच्या तोंडावर फेकायला. आता बोललो तर मायसमोर, नर्ससमोर, शेजारच्या खाटेवरच्या माणसांसमोर घरची लाज उघडी पडणार. अंगदची बायको अशी, असं उद्या अख्ख्या वाडीत होणार.

"नीट आठवून सांगा," बाई त्याच्याकडं वळल्या. "बीपी इतकं कशानं चढलं ते मला कळायला हवं. मेंदूतली शीर फुटली तर हातात काही राहणार नाही."

त्यानं खाटेकडं पाहिलं. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते, मनगटात अर्धाच चुडा होता. किती महिन्यांनी त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि तिच्या शेजारी त्याला दुसरं कुणी दिसलं नाही. त्यानं खिशात हात घातला.

"ह्या. लेकरू न व्हायच्या. दिवाळीपास्नं फेब्रुवारीपतोर पाच विसा खाल्ल्या, मी मोजल्या. पुढंबी खात असंल." मग आवाज फुटला त्याचा. "मी सहाच दिवस घरी व्हतो, डॉक्टरीणबाई. सहाच!"

सुभद्राबाईनं कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी पाकीट उलटून पाहिलं, नर्सला दोन इंजेक्शनं सांगितली, आणि मगच त्याच्याकडं वळल्या. त्यांना सगळं समजलं होतं.

"दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत दिवस शंभरच होतात, आणि गोळ्याही शंभर. म्हणजे हिनं एकही चुकवलेली नाही."

"म्हंजी?"

"ही रोज एक घ्यायची असते. नवरा घरात असो की रानात. मध्ये खंड पडला तर उपयोग नाही."

"रोज?" अंगद म्हणाला.

"रोज. बहुतेक बायकांना काही होत नाही. पण काहींचं बीपी ह्यानं वाढतं. म्हणून सुरू करायच्या आधी मोजतात आणि पुढंही मोजत राहतात. वाढताना दिसलं की ही गोळी बंद, दुसरा उपाय. हिचं कुणी मोजलं नाही का?"

"मोजायला येत व्हता की!" सुभद्राबाईचा बांध फुटला. "उपकेंद्राचा पोरगा दोनदा दारात आला. ह्या माझ्या वाघानं हाकलायला लावलं त्याला. अन् मी म्हातारी अक्कल गहाण टाकून ह्याचं ऐकलं!"

अंगदला बसायला स्टूल होतं, तो खाली फरशीवर बसला.

दोन दिवस तो तिथून हलला नाही. नर्स दर तासाला येऊन पट्टा बांधायची आणि तो आकडा ऐकायला मान वर करायचा. एकशे ऐंशी. एकशे सत्तर. एकशे बासष्ट. मेंढरू हरवल्यावर जसा घास उतरत नसे तसा आताही उतरत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीला उशीला टेकून बसली, नीट दिसायला लागलं म्हणाली.

"मला काहून न्हाई सांगितलं?" त्यानं विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमी खाऊ दिल्या असत्या का? ऑपरेशनचं म्हणलं तवा 'बघू' म्हणलात. एका पोराला भाऊ पायजे म्हणलात. चौथं मला झेपत न्हाई, अवो. तिसऱ्याच्या टायमालाच जीव वर आला व्हता."

"पण मी नसताना..."

बोलून गेला आणि जीभ चावली. पण ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"तुमी कवा असता अन् कवा नसता, मला कुठं ठावं असतंय? पहाटं येता, भर दुपारी येता. सांगून आलात का एकदा तरी? सांगून आला असता तर सिस्टरकडून दुसरं काय तरी जमवलं असतं. तुमी उद्या याल, उद्या याल म्हणून रोज एक खात व्हते मी. शंभर मोजल्या म्हणता ना? त्या सगळ्या तुमच्याच."

शेजारच्या खाटेवरची बाई तोंड फिरवून झोपल्याचं सोंग घेत होती. अंगदला सत्यशीलेकडं बघायचंही बळ नव्हतं.

गोळ्या कायमच्या बंद झाल्या. बीपीचं औषध सुरू झालं, काही महिने घ्यायचं, मग बघू असं बाई म्हणाल्या. गोळ्यांऐवजी तांबी बसवायचं काय ते ज्योती सिस्टर बघणार होत्या. तोवर काळजी नवऱ्यानं घ्यायची, हे बाईंनी अंगदला इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं की सुभद्राबाई उठून बाहेर गेली. वाडीवर परतल्यावर अंगद स्वतः उपकेंद्राची पायरी चढला. सिस्टर नव्हती. होता तो पट्टेवाला. अंगदनं मान खाली घालून काय पाहिजे ते सांगितलं. प्रमोदनं निरोधची पाकिटं कागदी पिशवीत घालून दिली आणि एका शब्दानं चिडवलं नाही, गालातसुद्धा हसला नाही. माणूस चांगला आहे हे अंगदला तेव्हा कळलं, आणि त्यावरही तो थोडा जळलाच.

मग तो मेंढरांकडं गेला. मे महिन्यात एका सोमवारी त्यानं फोन लावला.

"बुधवारी दुपारी येऊन राहिलो."

पलीकडून सत्यशीलेनं घाईघाईनं विचारलं, "काहून? काय झालं? मेंढरांना काय झालं का?"

"काय न्हाई झालं. सांगून येऊन राहिलो, बस."

आता सवय ती सवय. बुधवारी दुपार म्हणून सांगितलेलं, पण हा गडी सकाळी नवालाच माळावर पोहोचला. घराच्या दिशेनं चार पावलं गेला आणि थबकला. दुपार म्हणालो होतो. तो मागं फिरला आणि लिंबाखाली बसला. दहाच्या सुमाराला प्रमोदची मोटारसायकल धूळ उडवत आली आणि नेमकी त्याच्याच अंगणात थांबली. अंगद उठला. बसला. परत उठला. पट्टा बांधला असंल आता. हवा भरली असंल. एवढा वेळ लागतो का? आतून भाजून निघत होता बिचारा, पण तिथंच लिंबाच्या मुळ्या मोजत बसून राहिला. मोटारसायकल गेली. सूर्य डोक्यावर आला तेव्हाच तो खाली उतरला.

सत्यशीला चुलीपुढं होती. डोक्याला फडकं नव्हतं. त्याला बघून दचकली नाही, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

"तो येऊन गेला का?" राहवेना म्हणून त्यानं विचारलंच.

"व्हय. एकशे अठ्ठावीस भरलं."

"सहा विसा अन् आठ," तो पुटपुटला. मग मान खाली घालून म्हणाला, "त्याला म्हणावं, मला शिकव तो पट्टा बांधायला. दर खेपेला आकडा त्यालाच आधी कळतो."

ती हसली. खरंच हसली, पदर तोंडाला न लावता. ताट त्याच्यापुढं सरकवलं आणि तव्यावरची भाकर त्यात टाकली. टम्म फुगलेली, वाफ निघत असलेली. अंगदनं बोट लावलं आणि पोळलं म्हणून झटकन मागं घेतलं.

"दुपारी म्हणलात म्हणून आत्ता टाकली," ती म्हणाली. "पुढल्या खेपेलाबी सांगून या."